पाट घेणे बंद आहे

रत्नागिरी,
१२ मे २०२४

सखाराम भावोजींना वहिनीचे आशीर्वाद.

पाच वर्षं माणूस बोलत नाही म्हणून त्याचे आशीर्वाद बंद करावेत, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. सर्वेशला केला की तो म्हणतो, "काकू, बाबा आंघोळीला गेलेत." सकाळी केला तरी आंघोळ, संध्याकाळी केला तरी आंघोळ. बदलापुरात एवढं पाणी आहे हे ऐकून आनंद झाला. पण पोराला खोटं बोलायला लावू नका, त्याला जमत नाही. म्हणून पत्र. पत्र वाचलं की नाही हे मला कळणार नाही, तेव्हा तुम्हाला आंघोळ करायची गरज नाही.

शाळा विकली.

आपली गणपतीची शाळा. मूर्ती घडवायला मामंजींनी या पडवीत मांडली, तुमच्या दादांनी वाढवली आणि ते गेल्यावर मी चालवली ती. घेणारी मुलगी दर्शना, केळशीची. मूर्तिकला शिकलेली आहे, मिरजोळ्याला पत्र्याची मोठी शेड घेतली आहे. सगळे साचे तिला दिले. व्यवहाराचं सर्वेशला कळवलं आहे, त्याबद्दल तुमची तक्रार नसावी. असली तर फोन उचला.

साचे न्यायला अझीमने टेम्पो आणला होता. आपल्या शेजारच्या नसीमाचा पुतण्या, तोच. पोत्यात गुंडाळून साचे चढवताना म्हणतो, "चाची, तुमच्याकडून आजवर किती गणपती नेले, पण नुसती पोकळी पहिल्यांदाच नेतोय." आणि हसला. मी हसले नाही. घराची पडवी एवढी मोठी आहे हे मला या घरात पंचेचाळीस वर्षं राहून आत्ता कळलं.

का विकली, ते विचाराल म्हणून सांगते. नाही विचारलंत तरी सांगते. गुडघे गेले. मातीचं पोतं उचलायला माणूस मिळत नाही. मिळाला तर दुपारी झोपतो. ईशा पुण्याहून रोज म्हणते, "आई, आता आराम कर." आराम कर म्हणजे काय कर, ते कुणी सांगत नाही. समोरच्या बाईंनी मला हसण्याच्या क्लबात नेलं. विनोद नाही, किस्सा नाही, पंधरा-वीस माणसं हात वर करून नुसती हसतात. आमच्या कॉन्व्हेंटात असं हसलं असतं तर सिस्टरनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी आपण होऊन बाहेर जाऊन उभी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, पाच वर्षांपूर्वी माझं ऐकलं असतं तर. नाही. तुम्ही मला न विचारता बाहेरगावाहून ट्रकभर प्लास्टरचे तयार गणपती आणलेत, मी तो ट्रक भर दारातून परत पाठवला. चार लोकांसमोर पाठवला, हे खरं. पण तुम्हीही तो चार लोकांसमोरच आणला होतात. आज आणलात तर आज परत पाठवीन. दर्शना मातीतच काम करते, हे पाहून मगच मी तिला साचे दिले.

दारावर पाटी लावली आहे. "पाट घेणे बंद आहे. गणपतीसाठी मिरजोळे येथे दर्शना यांच्याकडे जावे." अक्षर माझंच. तुम्हाला ते आवडायचं.

वहिनी


रत्नागिरी,
२१ जुलै २०२४

भावोजी,

एक घोटाळा झाला आहे. माझी चूक नाही, पावसाची आहे.

आधी एक विचारते. तिकडे म्हणे तुम्ही गणपती दुकानातून उचलून आणता, बॉक्समधून. मूळ घरातला गणपती सोडून वेगळा मांडलात, तोही बॉक्समधला. तेव्हा तुमच्या वडिलांच्या शाळेची रीत विसरला असाल असं धरून चालते. आषाढात घराघरांतून पाट येतात. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागाचा, कुणाच्या पाटाला एक पाय आखूड. पाटावर तांदूळ आणि सुपारी असते. शाळेने तो पाट हातात घेतला की त्या घराचा गणपती त्याच पाटावर द्यायचा. मग आजारपण येवो, पूर येवो. रिकामा पाट परत जात नाही. मामंजींना कावीळ झाली होती तेव्हा त्यांनी खाटेवर बसून रंग दिला, तो काही हौसेने नाही.

तर आमच्या दर्शनाबाईंनी पाट घेणं बंद केलं आहे. ती प्लायवूडचा तुकडा देते, सगळ्यांना एका मापाचा, आणि हातात नंबरचा कागद. मला हे विकताना कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. साचे घेणारा पाट घेणार नाही, हे माझ्या डोक्यात कसं यावं? उद्या कुणी घर घेऊन दार घेणार नाही म्हणेल.

आषाढी झाल्यावर पालीकडची गोदा आली. तीच, मोठ्याने बोलणारी. एसटीने आली, डोक्यावर इरलं, काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाट. मी दारातूनच पाटी दाखवली. ती म्हणाली, "माका वाचता येत नाय, दाखवू नका." मग ओट्यावर बसून सुरू झाली.

"गेलंलय मी थंय. तिनी पाट घेतलान नाय. कागद दिलान हातात. जल्ला मेला तो कागद! माज्या सासऱ्याच्या बापाचा पाट हाय यो. त्येका सोडून गणपती बसल काय घरात?"

मी म्हटलं, "गोदा, शाळा विकली. आता माझ्याकडे साचेसुद्धा नाहीत."

"मंग नका घेव. हितं ठेवतंय. तुमचा तुमी बगा."

तिने पाट ओट्याच्या कडेला ठेवला, त्यावर सुपारी ठेवली आणि माझ्याकडे पाहत बसली. तेवढ्यात सर आली. तुम्हाला आपली पन्हळ माहीत आहे, तिथेच गळते. सगळी धार त्या पाटावर. लाकूड भिजलं, तांदूळ वाहायला लागले. मी धावले आणि पाट उचलून आत घेतला.

"घेतलात!" ती अशी ओरडली की नसीमा शेजारून छत्री घेऊन आली. "मॅडमवैनी, हात लावलात! घेतलात पाट!"

मी तिला सांगितलं की मी तो पावसातून उचलला, घेतला नाही. ती म्हणाली, पाटाला काय कळतंय ता. आणि पुढच्या एसटीने गेली. जाताना एवढी आनंदात होती की तिची चप्पलही राहिली.

गोदाने कुठे कुठे सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी चौघं आली. आता पडवीत अठरा-वीस पाट उभे आहेत. एकाला नाही म्हणावं तर तो म्हणतो, गोदाचा कसा घेतलात? सिस्टरनी आम्हाला इंग्रजीतून वाद घालायला शिकवलं होतं, गोदासमोर त्याचा उपयोग नाही.

साचे मागायला मी दर्शनाकडे जाणार नाही. विकलेली वस्तू उसनी मागणं मला जमणार नाही. म्हणजे सगळे गणपती हातानेच घडवायला हवेत. मला रंग येतो, डोळे आखता येतात. माती घडवता येत नाही, तुमच्या घरात कुणी मला ती शिकवली नाही. हाताने घडवणारी तुमच्या घराण्यात शेवटची दोनच माणसं. एक गेले. दुसऱ्याचा पत्ता पाकिटावर लिहिला आहे.

मी तुम्हाला बोलावत नाही. काय झालं ते फक्त कळवते आहे. चतुर्थी सात सप्टेंबरला आहे.

वहिनी

ता. क. माती आणून ठेवली आहे. ती मी माझ्यासाठी आणली आहे.


पडवी,
३ ऑगस्ट

भावोजी,

आलात. मी समोर उभी असताना तुम्ही भिंतीला विचारलंत, "माती कुठाय?" भिंतीला माहीत नव्हतं, म्हणून मी बोट दाखवलं.

तुम्ही बोलणार नसाल तर मीही बोलणार नाही. पण घरात माणूस असताना सूचना द्याव्या लागतात, म्हणून चहाच्या बशीखाली ही चिठ्ठी ठेवते आहे. मागच्या खोलीत अंथरूण घातलं आहे. मच्छरदाणीला भोक आहे, ते मी शिवलं आहे. जेवायला बांगडा आहे. तुम्हाला काट्याची भीती होती, अजून असेल तर सांगा. सांगू नका, लिहा.


पडवी,
७ ऑगस्ट

चिठ्ठीच्या पाठीवर तुमचं उत्तर मिळालं. "माती कोरडी." एवढ्या मोठ्या पत्राबद्दल आभारी आहे. क्रियापद पुढच्या खेपेला पाठवा.

माती भिजवून ठेवली आहे.

पहिला गणपती पाहिला. बैठक चांगली आहे. सोंड तुमच्या दादांसारखीच वळली आहे, हे मी खूप वेळ पाहिलं. पोट मात्र जरा जास्त झालं आहे. तुम्ही स्वतःकडे बघून घडवत आहात का?


पडवी,
१४ ऑगस्ट

पोट कमी केलंत, उत्तम. माझ्या चिठ्ठीवर तुम्ही हसलात ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. नाकारू नका.

हवा दमट आहे, काही सुकत नाही. नसीमाने तिचा उभा पंखा दिला आहे, मुलाने दोह्याहून आणलेला. पंखा ठेवायला आली तेव्हा तिने माझ्या हातात ही चिठ्ठी पाहिली. "एका घरात राहून पत्रं लिहिता? मग मधे पोस्टमन कोण, मी?" म्हणाली. मी म्हटलं, आम्हा दोघांत तसं ठरलं आहे. "काही ठरलेलं नाही. कॉन्व्हेंटात माझ्याशी महिनाभर बोलत नव्हतीस, तेव्हाही असंच ठरलेलं होतं. मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. तुम्ही तिकडे तोंड फिरवून पोत्यात माती शोधत होतात. पोतं रिकामं होतं.

गोदाच्या पाटावर कोणता बसवणार? तिला उजवीकडे टेकलेला आवडतो. तो फुटला तर ती मला फोडील.


पडवी,
२५ ऑगस्ट

आज दर्शना येऊन गेली, तेव्हा तुम्ही पडवीतच होतात. पण तुम्ही कान कुठे ठेवता हे मला कधी कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

ती भांडायला आली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आला. "काकू, तुम्ही मला शाळा विकलीत आणि गिऱ्हाईक घरी ठेवलंत," म्हणाली. मी पावसाचं सांगितलं. तिला पटलं नाही. कुणालाही पटू नये असंच ते आहे.

मग मी विचारलं, पाट का घेत नाहीस? म्हणाली, "कुठे ठेवू? प्रत्येकाचं माप वेगळं. माझे रॅक लोखंडी आहेत, एका मापाचे. टेम्पोत दोन थर लावायचे तर खाली सारखी फळी लागते. तुम्ही वीस गणपती करता. मला शेडचं भाडं काढायचंय."

मी म्हटलं, "एखाद्या घराने पाट दिला की ते घर तुझं होतं. कागदावरचा नंबर उद्या दुसऱ्या दुकानात जाईल."

"तुम्ही विकलंत, काकू. आता मी चालवीन तसं चालेल."

मी एक पाट पुसायला घेतला. तुम्ही तेव्हा निदान वर तरी बघायचं. ती तरातरा निघाली. पण दारापाशी थांबून तुमच्या हातातल्या गणपतीच्या कानाकडे बघत राहिली, तेही मी पाहिलं. तुम्ही तिला ओली माती दिलीत आणि तिने उभ्याउभ्याच दुसरा कान केला. मला कधी दिली नाहीत ती. चांगला केला कान. हे तिला सांगू नका.


रत्नागिरी,
११ सप्टेंबर २०२४

भावोजी,

पोचलात का? पोचल्याचं कळवत नाही, म्हणून पुन्हा पोस्टात आले.

सगळे पाट गेले. रिकामा एकही नाही. हरितालिकेच्या दिवशी सकाळपासून पडवीत उभं राहायला जागा नव्हती. तुम्ही मागच्या दाराने आंब्याखाली जाऊन बसलात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. कुणालाही आपला कोणता हे विचारावं लागलं नाही. माणसं आत यायची आणि सरळ आपल्या पाटापाशी जायची. गोदा आपल्या गणपतीसमोर चक्क गप्प झाली. मला वाटलं तिला बरं नाही. मग म्हणाली, "सखारामान केलानीत ना? वळखलंय." आणि तुमच्यासाठी काकड्या ठेवून गेली. त्या मी खाल्ल्या.

प्रत्येकाने जाताना एकच विचारलं. पुढच्या वर्षी पाट कुठे द्यायचा? मी म्हटलं, बघू. दिवसभर बघू म्हणताना माझं तोंड आंबलं. बघायला काय आहे माझ्याकडे? वीस घरं आहेत, वीस पाट आहेत, आणि ठेवायला जागा नाही अशी एक शाळा आहे.

आणि तुम्ही. पाच वर्षं एक महिना गप्प राहून, पिशवी खांद्याला लावून, तुमचा तो छोटा गणपती प्लायवूडच्या तुकड्यावर मांडीत धरून, रिक्षात बसता बसता पहिलं वाक्य काय बोललात? "वहिनी, पुढच्या वर्षी पाट घेऊ नका."

हुकूम! मी उत्तर तयार करेपर्यंत रिक्षा वळली. गेले चार दिवस ते उत्तर माझ्याकडे पडून आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात, आणि सासूबाईंनी मला तुम्हाला अहो-जाहो करायला लावलं. तिथेच सगळं बिघडलं.

घरच्या गणपतीचं विसर्जन उद्या आहे. गौरीबरोबर. ईशा आली आहे. ती म्हणते, काकांनी केलेला आहे तर फोटो पाठवू या. मी म्हटलं, त्यांनी केला आहे, त्यांना माहीत आहे कसा दिसतो. तिने पाठवला असेल.

वहिनी


रत्नागिरी,
८ जुलै २०२५

भावोजी,

यंदा मी पाट घेतले नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. कुणी आणलेच नाहीत.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून राहिले. पन्हळ दुरुस्त केली होती, आता कुणाचाही पाट भिजणार नाही असा बंदोबस्त होता. पण गोदा नाही की कुणी नाही. दुपारी मला राहवलं नाही. अझीमला टेम्पो काढायला सांगितला आणि मिरजोळ्याला गेले. नुसतं बघायला जावं असा विचार होता. पण मोकळ्या हाताने शाळेत जाणं बरं दिसत नाही, म्हणून घरचा पाट बरोबर घेतला.

तिथे रांग होती. सगळी आपली घरं. गोदा पुढे, लुगड्यात गुंडाळलेला पाट घेऊन. मला पाहून ओरडली, "मॅडमवैनी, लायनीत या! मधे घुसू नका!" मी लायनीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी या बाजूने शाळेत शिरले. पाय दुखेपर्यंत उभी राहिले, आणि माझ्या मागच्या बाईला माझ्या पाटाचं कौतुक वाटलं.

माझा नंबर आला. दर्शनाने पाट हातात घेण्याआधी त्याला टेप लावली.

"काकू, दोन इंच जास्त आहे."

मी म्हटलं, "हा पाट तुझ्या आजीपेक्षा जुना आहे."

"असेल. रॅक लोखंडी आहे. या मापापर्यंतचे पाट घ्यायचे असं मी ठरवलंय. गोदाकाकूंनी त्यांचा कापून आणला."

गोदाने! सासऱ्याच्या बापाचा पाट! मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "मंग काय करतास? पोरीन येवडं आयकलान, आपून वाईच ऐकूचा."

पोरीनं कुणाचं ऐकलं, असं मी विचारलं. तेव्हा कळलं. तुम्ही गेल्या वर्षी जायच्या आदल्या दिवशी मिरजोळ्याला जाऊन आला होतात. पाट घेशील तर चतुर्थीच्या आधी महिनाभर येऊन बसेन, साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीवर हात फिरवीन आणि तुला हाताने घडवायला शिकवीन, असा तिला शब्द देऊन आलात. आणि मला रिक्षातून हुकूम. दहा महिने ही गोष्ट मिरजोळ्याला माहीत होती, गोदाला माहीत होती, माझ्या ईशालासुद्धा माहीत होती म्हणे. मला सगळ्यांत शेवटी, रांगेत उभी राहून कळावं? काय म्हणावं तुम्हाला?

मी रांगेत सगळ्यांसमोर रडले नाही. डोळ्यांत काही गेलं असेल, तिथे रंगाची पावडर फार उडते.

पाट तिथल्याच सुताराकडे नेला. त्याने विचारलं, कुठली बाजू कापू? मी म्हटलं, मला विचारू नकोस, काप. करवत चालत होती तोवर मी बाहेर अझीमशी भांडत होते, कशावरून ते आता आठवत नाही. कापलेला पाट दर्शनाला दिला. तिने हात पुसले आणि दोन्ही हातांनी घेतला. तेवढं तिला कुणी न सांगता कळलं. वर म्हणाली, "काकू, आता घरी जाऊन आराम करा." मी घरी आले आणि झोपले. चांगली संध्याकाळपर्यंत झोपले. ईशाला सांगा, जमलं म्हणून.

आता कामाचं. तुमची राहायची सोय दर्शना शेडच्या वरच्या खोलीत करते आहे, असं कळलं. खबरदार. मागची खोली झाडून ठेवली आहे. सकाळी डबा घेऊन जा, संध्याकाळी या. चिठ्ठ्या लिहायला माझ्याकडे कागद उरलेला नाही, बोलावं लागेल.

आणि पाट लहान झाला आहे, तेव्हा गणपतीही यंदा लहान येईल. पण एका घराला पुरेल एवढा आहे. तुमचं प्लायवूड तिकडेच राहू द्या. सर्वेशला आणि सुनेला सुट्टी काढायला सांगा.

फोन करते आहे. आंघोळ आधीच उरकून ठेवा.

तुमची वहिनी